विषय : निरंक

शिक्षक म्हणजे कोण, हे मला विचारू नका. मी स्वतः शिक्षक आहे, त्यामुळे या जमातीबद्दल माझ्या मनात आता काडीचा आदर उरलेला नाही. मी चित्रकला शिकवतो. म्हणजे वेळापत्रकात तसं छापलंय. प्रत्यक्षात माझ्या तासाला गणिताचे सर दारात उभे राहून बोट वर करतात, आणि मी मुकाट्याने रंगांचे डबे गोळा करून बाहेर पडतो. त्यांचा पोर्शन राहिलेला असतो. त्यांचा पोर्शन जन्मभर राहिलेलाच आहे. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची बेसिनला लागून आहे, कुणी हात धुतले की अर्धं पाणी माझ्या बाहीवर. पण कागदोपत्री मी शिक्षक, आणि आमच्या वहिनीला नेमकं हेच व्हायचं होतं.

वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. घरी ती वहिनी आणि मी भाऊजी, शाळेत ती लायब्ररीच्या बाई आणि मी सर. पोरं तिला पाठीमागे शूबाई म्हणायची. लायब्ररीत कुणी तोंड उघडलं की ती मान वर न करता नुसतं "शूऽऽ" करायची आणि खोली गप्प व्हायची. आमचे हेडसर माइक घेऊन प्रार्थनेला ओरडतात तेव्हासुद्धा इतकी शांतता होत नाही.

लायब्ररी म्हणायला लायब्ररी. जिन्याखालची ती एक लांबट, अंधारी खोली. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवायचे, रबराचा वास अजून गेलेला नाही. लोखंडी कपाटं ओळीने उभी, त्यातलं शेवटचं एक लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. आमच्या विद्वान सहकाऱ्यांच्या लेखी ती खोली म्हणजे अडगळ. मोडक्या खुर्च्या तिथे, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिथे, भूगोलाच्या बाईंनी टाकून दिलेले नकाशेही तिथेच. त्या नकाशांतले निम्मे देश आता जगात नाहीत, पण आमच्या शाळेत आहेत. कुणी शिक्षक पुस्तक मागायला आलेला मी तरी पाहिला नाही. डबा खायला यायचे, कारण तिथला पंखा बरा होता.

पोरं मात्र यायची, आणि ती येण्याचं कारण वहिनीचा एक हट्ट होता. पुस्तक परत करायचं तर आधी वाक्य द्यायचं. वाचून जे डोक्यात आलं त्याचं एक वाक्य, स्वतःचं, पुस्तकात न छापलेलं. "पुस्तक छान आहे" चालायचं नाही. "यातून चांगला बोध मिळतो" असं कुणी म्हणालं की ती पुस्तक तसंच त्याच्या हातात परत कोंबायची आणि पुढच्याला बोलवायची. सुरुवातीला पोरं रडकुंडीला आली. मग त्यांना त्याची चटक लागली. मधल्या सुट्टीत पोरं मैदानावर एकमेकांना विचारायची, तू वाक्य दिलंस का रे? एका मुलीने दिलेलं वाक्य मला अजून आठवतं. "या गोष्टीतला राजा एकदाही जेवत नाही." आणि एका पोराने, जो माझ्या वर्गात दोन वर्षं नुसता शिंग असलेला बैल काढत होता, त्याने म्हटलं होतं, "मला ते आजोबा आवडले नव्हते, पण ते मेल्यावर बरं नाही वाटलं." वहिनी अशी वाक्यं घरी येऊन आम्हाला ऐकवायची. तिची सासू भाजी निवडता निवडता म्हणायची, अगं पण परीक्षेत याचे मार्क मिळतात का?

आता वहिनी म्हणजे काही गरीब गाय होती असं समजू नका. फटकळ आणि भारी मानी. तिचा मान दुखावला होता घरातच. माझे काका, म्हणजे तिचे सासरे, घरी कुणी पाहुणा आला की सुनांची ओळख करून द्यायचे. थोरली सून पाण्याचे ग्लास घेऊन आली की म्हणायचे, ही आमची थोरली, शिक्षिका आहे. थोरली पहिलीच्या पोरांना बेरजा शिकवते आणि दारातल्या माणसाशीही त्याच सुरात बोलते. मग वहिनी चहा घेऊन यायची. काका म्हणायचे, आणि ही धाकटी, ही शाळेत असते.

शाळेत असते! शाळेत पाण्याची टाकीही असते. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मान्य. पण माणसाने मनात वाईट नसताना किती वाईट बोलावं यालाही काही मर्यादा आहे. वहिनी ट्रे ठेवून आत जायची आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायचा.

सरकारी भाषेत तिचं नाव शिक्षकेतर. शिपाई, कारकून, प्रयोगशाळेतला मदतनीस आणि ग्रंथपाल, सगळे एका पोत्यात. मी तिला एकदा समजावायला गेलो. म्हटलं, वहिनी, तुला काय सोनं लागलंय या शिक्षकपणात? माझ्याकडे बघ. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काही फार आदर होता असं नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "माझ्या हुद्द्यात मी कोण आहे ते लिहिलेलंच नाही. मी कोण नाही, तेवढंच लिहिलंय."

मी चहा पिऊन घरी गेलो.

तर ग्रंथपालांना शिक्षक म्हणून मान्यता मिळावी म्हणून त्यांची एक संघटना होती, आणि संघटना म्हटली की अध्यक्ष आलाच. हा अध्यक्ष म्हणजे एक नमुना. प्रत्येक वाक्याच्या आधी "मी स्पष्टच सांगतो" म्हणायचा आणि मग काहीही स्पष्ट सांगायचा नाही. पण त्याने वहिनीला बरोबर हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. ती मोर्चाला गेली, शिक्षण खात्याच्या फाटकासमोर उन्हात बसली, घोषणा दिल्या. जिचा सगळा धंदा लोकांना गप्प करण्याचा, ती घसा फाडून ओरडत होती. दुसऱ्या दिवशी आवाज इतका बसला की लायब्ररीत तिला शू म्हणता येईना, आणि पोरांनी तेवढ्यात दंगा करून घेतला.

स्टाफरूममध्ये हे कळलं तेव्हा जी करमणूक झाली ती बघायला हवी होती. गणिताचे सर म्हणाले, उद्या घंटा वाजवणाराही म्हणेल मी संगीताचा शिक्षक. सगळे हसले. भूगोलाच्या बाई तर डोळे पुसत हसल्या. ही तीच माणसं, जी वर्षानुवर्षं एकाच गाइडमधून शिकवतात आणि त्या गाइडातली छपाईची चूक फळ्यावरही तशीच लिहितात. नाकाने कांदे सोलायला मात्र सगळ्यात पुढे. मीही तिथेच बसलो होतो, बेसिनशेजारी. मी म्हटलं, तो घंटा निदान वेळेवर देतो. यावर कुणी हसलं नाही.

शेवटी आदेश निघाला. प्रत्येक ग्रंथपालाने एका अधिकाऱ्यासमोर पाठ द्यायचा, अधिकाऱ्याचं समाधान झालं की मान्यता. वहिनीने त्या पाठाची जी तयारी केली, तेवढी मी माझ्या लग्नाची केली नव्हती. आठवडाभर घरात कुणी तिच्याशी बोलायची सोय नव्हती. तिने ठरवलं, आपण जे करतो तेच करून दाखवायचं. सातवीच्या पोरांना घेऊन वाक्य कसं द्यायचं ते.

अधिकारी आला, मागच्या बाकावर बसला आणि फोन काढला. पाठ बरा झाला. फार थोर झाला असंही नाही, वहिनी घाबरली होती आणि दोनदा खडू मोडला. पण पोरं बोलली. एक मुलगी इतकं चांगलं काहीतरी म्हणाली की मी खिडकीबाहेर उभा होतो तो आत डोकावलो. अधिकाऱ्याने मान वर केली ती चहा आला तेव्हा. पाठ संपल्यावर त्याने वहिनीला एकच प्रश्न विचारला. विषय कोणता?

वहिनी म्हणाली, वाचन.

तो म्हणाला, असा विषय नाही. मराठी, गणित, विज्ञान, असं काही सांगा. वहिनी म्हणाली, सगळेच. तो म्हणाला, असंही लिहिता येत नाही. मग तो आमच्या कारकुनाकडे वळला. कारकून हा या सगळ्यांचा बाप. त्याला ठाऊक, सरकारी कागदावर जागा रिकामी ठेवायची नसते, भरायला काही नसलं तरी तसं लिहावं लागतं. त्याने पेन काढलं आणि "विषय" या शब्दापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, निरंक. अधिकाऱ्याचं समाधान झालं. त्याने खाली सही ठोकली. अशा रीतीने आमची वहिनी शिक्षिका झाली.

तिने मिठाई वाटली. ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांनीच दोन दोन वेळा उचलली. मग तिला स्टाफरूममध्ये खुर्ची द्यायचा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांना एकदम जागा अपुरी दिसायला लागली. शेवटी माझी खुर्ची थोडी सरकवून तिची तिथे लावली. आता पाणी दोघांच्या बाहीवर. पण ती खूश होती. बायकोने मला सांगितलं की वहिनीने नवी पर्स घेतलीय, शिक्षिकांची असते तशी, मोठी.

सोमवारी हेडसरांनी नवं वेळापत्रक लावलं. ऑफ तास ही काय चीज आहे ते शाळेत गेलेल्या माणसाला सांगायला नको. कुणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा वर्ग पोरका होतो, मग जो शिक्षक रिकामा सापडेल त्याला तिथे राखण करायला पाठवतात. आजवर यावरून रोज भांडणं व्हायची. आता हेडसरांना आयती शिक्षिका मिळाली होती, जिला विषयच नाही. त्यांनी सगळ्या शाळेचे ऑफ तास वहिनीच्या नावावर टाकले. आठवी अ, नववी ब, पाचवी क, घंटेला घंटा लागून. आणि लायब्ररी? हेडसर म्हणाले, बाई, आता तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला तिथे बसवणं बरं दिसतं का? ग्रंथपालाची जागा आता राहिली नाही. खोलीला कुलूप लावा.

याला म्हणतात तोंडाला पानं पुसणं. मागितलं ते दिलं, आणि होतं ते काढून घेतलं.

नववी ब ने तर तिचे हाल केले. ती आत गेली आणि तिने शूऽऽ केलं. मागच्या बाकावरून कुणीतरी तसंच शूऽऽ केलं, मग सगळ्या वर्गाने केलं. तीच पोरं, जी लायब्ररीत तिच्यासमोर मान खाली घालून बसायची. पण तिथे त्यांच्या हातात काहीतरी असायचं. इथे चाळीस मिनिटं काय करायचं ते पोरांनाही माहीत नव्हतं आणि तिलाही. विज्ञानाचं पुस्तक उघडून ती वाचून दाखवायला लागली, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, बाई, हा धडा झालाय. वह्या तपासत बाजूच्या वर्गात बसलेले गणिताचे सर उठून आले आणि पोरांसमोर म्हणाले, बाई, वर्ग सांभाळता येत नसेल तर सांगत जा. वहिनी स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. ती बेसिनवर बराच वेळ तोंड धूत राहिली.

त्याच रविवारी काकांकडे पाहुणे आले. मीही होतो. वहिनी चहा घेऊन आली आणि काका ताठ होऊन बसले. म्हणाले, ही आमची धाकटी सून, हीसुद्धा शिक्षिका आहे. इतकी वर्षं जे वाक्य ऐकायला ती जीव टाकत होती ते एकदाचं आलं. पाहुणा भला माणूस होता, त्याने सहज विचारलं, अरे वा, विषय कोणता?

थोरलीने लगेच वहिनीकडे पाहिलं. काकाही पाहत होते, उत्सुकतेने. वहिनीच्या हातात ट्रे होता.

"मी शाळेत असते," ती म्हणाली, आणि आत गेली.

या वेळी भांड्यांचा आवाज आला नाही. मी मघापासून हातात धरलेला चहा तसाच ठेवला.

मग तिने उलट्या दिशेची खटपट केली. हेडसरांना म्हणाली, मला परत लायब्ररीत बसू द्या, शिक्षकेतर म्हणा, काहीही म्हणा. हेडसरांनी काखा वर केल्या. म्हणाले, तशी तरतूद नाही. शिक्षकेतराचा शिक्षक होतो, शिक्षकाचा शिक्षकेतर होत नाही. तिने अध्यक्षाला गाठलं. तो म्हणाला, मी स्पष्टच सांगतो, लढा जिंकल्यावर असली भाषा शोभत नाही. त्याला आता कुठल्याशा समितीवर घेतलं होतं, तो घाईत होता.

एवढ्यावर थांबले असते तर ते आमच्या शाळेचे लोक कसले. खोली बंद पडलीय म्हटल्यावर गणिताच्या सरांना तिथला चांगला पंखा आठवला. त्यांना शाळेनंतर जादा तास घ्यायला जागा हवी होती, अर्थात फुकट शिकवायला नव्हे. हेडसर म्हणाले, घ्या. पुस्तकं पोत्यांत भरून माळ्यावर टाका, पुढच्या सोमवारी खोली मोकळी करून द्या. हे काम कुणाकडे? विषय निरंक असलेल्या शिक्षिकेकडेच.

माळ्यावर काय आहे ते मला माहीत होतं. माझे ड्रॉइंग बोर्ड असेच एकदा माळ्यावर गेले होते. वाळवी त्यांच्यावर पोसली, चांगली धष्टपुष्ट झाली. मी वहिनीला म्हटलं, झालं, आता रडून घे आणि पोती आण. तिने पोती आणली नाहीत. तिने कुलूप उघडलं, आणि त्या दिवशीच्या पहिल्या ऑफ तासाला आठवी अ ला उठवून रांगेने जिन्याखाली नेलं.

काय करायचंय ते तिने पोरांना थोडक्यात सांगितलं. जेवढी घरी नेऊन सांभाळता येतील तेवढी पुस्तकं उचला. परत करायची घाई नाही. पण परत करताना वाक्य द्यावं लागेल, आणि आता मी लायब्ररीत नसते, वर्गावर असते, तिथे द्या. तिथूनच ते पुस्तक दुसऱ्याला मिळेल. पोरांना आधी खरंच वाटेना. मग जी झुंबड उडाली! दप्तरं फुगली, शर्टांच्या आत पुस्तकं गेली. नंतर पाचवी क आली, मग आणखी एक वर्ग. आठवडाभर जिथे जिथे ऑफ तास, तिथली पोरं जिन्याखाली. कुणाला पत्ता लागला नाही, कारण ऑफ तासाला वर्गात काय चाललंय हे आमच्या शाळेत आजपर्यंत कुणी बघितलेलंच नाही.

फक्त नववी ब राहिली होती. तिचा ऑफ तास त्या आठवड्यात आलाच नाही, त्या वर्गाचे सगळे मास्तर अचानक कर्तव्यदक्ष झाले. शुक्रवारी त्यांचा शेवटचा तास चित्रकलेचा होता. गणिताचे सर नेहमीप्रमाणे दारात आले आणि त्यांनी बोट वर केलं. माझे हात सवयीने डब्यांकडे गेले. मग मी ते मागे घेतले आणि म्हटलं, आज नाही, आज माझा तास आहे. ते म्हणाले, अहो पोर्शन राहिलाय. मी म्हटलं, माझाही राहिलाय, आपण दोघेही असेच निवृत्त होऊ. ते गेले, पण जाताना तोंड असं केलं की मला ते कागदावर काढून ठेवावंसं वाटलं. मग मी वहिनीला बोलावून आणलं. नववी ब तिच्यामागे जिना उतरली आणि कुणी शू केलं नाही.

सोमवारी हेडसर आणि गणिताचे सर खोलीचा ताबा घ्यायला आले. वहिनी दारात उभी होती, ती मोठी पर्स खांद्याला लावून. मी तिथे होतो, कारण ही मजा मी सोडणार नव्हतो. शेवटचं सोडून सगळ्या कपाटांची दारं उघडी होती आणि फळ्यांवर धुळीत पुस्तकांच्या चौकोनी खुणा तेवढ्या होत्या. हेडसर आधी खूश झाले, म्हणाले, वा, झालीसुद्धा पोती भरून? मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पोतं कुठेच नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "पुस्तकं किती आहेत?"

"निरंक, सर," वहिनी म्हणाली.

हेडसरांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी तारस्वरात विचारलं, हे कुणाच्या परवानगीने, ही शाळेची मालमत्ता आहे, ती परत कधी येणार? वहिनीने शांतपणे सांगितलं की शिक्षकाने तासाला मुलांना पुस्तकं दिली आहेत, यात परवानगीचं काही नाही, आणि ज्याला जेव्हा वाक्य सुचेल तेव्हा तो ते परत आणून देईल. हेडसर माझ्याकडे वळले. मी छताकडे पाहिलं. पंखा खरंच चांगला होता.

गणिताच्या सरांचा मात्र विश्वास बसेना. त्यांनी ते शेवटचं कपाट ओढून पाहिलं, उघडेना म्हणून लाथ घातली. आत भूगोलाच्या बाईंचे नकाशे होते, जगात नसलेल्या देशांचे. ते सगळे त्यांच्या पायावर पडले.

तेवढ्यात घंटा झाली. वहिनीला पाचवी क वर ऑफ तास होता. त्या वर्गातली एक एवढीशी पोर पुस्तक छातीशी धरून जिन्याच्या पायरीवर तिची वाट बघत उभी होती, आणि बाई आल्या तशी ती सगळ्यांसमोर वाक्य द्यायला लागली. वहिनी म्हणाली, इथे नको, वर्गात चल, माझा तास आहे.